परक्या घरट्यातील कोकिळा : 'द स्टराइल कुकू' या चित्रपटाच्या निमित्ताने

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांतून चित्रपटाविषयी बोलणे निघाले की ते बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : 'फादर, मुलांनी पाहण्यासारखा आहे का?' प्रश्न गैर नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली संपर्कमाध्यमांविषयी जो आदेश प्रसृत केला, त्यातही प्रेक्षकाच्या विवेकावर आणि पालकांच्या जबाबदारीवर भर दिलेला आहे. तरीही या प्रश्नाने चित्रपटाची परीक्षा अर्धीच होते असे आम्हास वाटते. उरलेली अर्धी परीक्षा वेगळ्या प्रश्नाने करावी लागते. हा चित्रपट पाहून उठल्यावर आपल्या शेजारच्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहणार आहोत? या दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीस उतरणारे चित्रपट थोडे असतात. 1969 साली पडद्यावर आलेला 'द स्टराइल कुकू' हा अमेरिकन चित्रपट त्या थोड्यांपैकी एक आहे.

जॉन निकोल्स या लेखकाची याच नावाची कादंबरी 1965 साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून अल्विन सार्जंट यांनी पटकथा लिहिली आणि ॲलन पाकुला यांनी चित्रपट दिग्दर्शित केला. पाकुला तोवर निर्माते म्हणून ओळखले जात. 1962 चा 'टू किल अ मॉकिंगबर्ड' हा गाजलेला चित्रपट त्यांच्याच निर्मितीचा. दिग्दर्शनाचा मात्र हा त्यांचा पहिलाच प्रयत्न होता. पूकी ॲडम्स या नायिकेच्या भूमिकेत लायझा मिनेली आहे, तर जेरी पेन या नायकाच्या भूमिकेत वेंडेल बर्टन हा त्या वेळी अगदी नवखा असलेला नट. लायझाला या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. पारितोषिकाने मात्र तिला 1972 च्या 'कॅबरे' पर्यंत वाट पाहायला लावली. ज्या वर्षी हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी जून महिन्यात तिची आई, विख्यात अभिनेत्री व गायिका ज्यूडी गारलँड, हिचे निधन झाले होते. चित्रपटाचा न्याय या योगायोगावरून करू नये हे खरे. पण पोरकेपणाची कथा पाहताना तो मनात आल्यावाचून राहत नाही.

कथानक चार वाक्यांत सांगता येईल असे आहे. नुकतेच कॉलेजात निघालेले दोघेजण बसच्या प्रवासात भेटतात. मुलगा लाजाळू, अभ्यासू, किड्यामुंग्यांच्या शास्त्रात रमणारा. मुलगी बडबडी, आगाऊ, क्षणात हसणारी आणि क्षणात कोमेजणारी. एका शनिवारी सकाळी ती बोलावल्यावाचून त्याच्या कॉलेजात येऊन थडकते, हळूहळू तो तिच्यात गुंततो, आणि वर्ष सरण्यापूर्वी तिच्या प्रेमाच्या ओझ्याखाली गुदमरून तिच्यापासून दूर होतो. शेवटी तिने कॉलेज सोडल्याचे त्याला कळते. पहिल्या भेटीच्या वेळी ती जिथे उतरली होती त्याच खोल्या भाड्याने देणाऱ्या घरात तो तिला शोधून काढतो आणि घराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून देतो.

ज्या परिसरात ही कथा घडते त्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बरेचसे चित्रीकरण न्यूयॉर्क राज्यातील क्लिंटन या लहानशा गावी, हॅमिल्टन कॉलेजात झाले. ते त्या काळी केवळ मुलग्यांचे कॉलेज होते. मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला तो 1978 पासून. चित्रपटातही मुलग्यांचे आणि मुलींचे कॉलेज वेगवेगळे आहे. आठवड्याचे पाच दिवस विरहाचे आणि शनिवार-रविवार भेटीचे, अशी या प्रेमाची वेळापत्रकासारखी बांधणी त्यामुळेच झाली आहे. ज्याला आठवड्यात इतर पाच दिवसही मित्र आहेत त्याला शनिवार ही चैन वाटते. ज्याला कोणीच नाही त्याचे सारे आयुष्य शनिवारवर तोललेले असते. जेरी आणि पूकी यांच्यातील सारा फरक या एका गोष्टीत सामावला आहे.

हा चित्रपट आम्ही प्रथम पाहिला तो सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी असताना, व्हिडिओ कॅसेटवर. पाहून झाल्यावर चर्चा व्हायची असा तेथील शिरस्ता होता. त्या चर्चेत आम्ही उभे राहून ठामपणे सांगितले होते की जेरीने केले तेच योग्य. माणसाने आपले ध्येय ओळखावे आणि भावनेच्या भोवऱ्यात सापडू नये. आमच्या बोलण्याला टाळ्याही पडल्या होत्या. मध्यंतरी इतक्या वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला. चित्रपट अर्थातच बदललेला नव्हता. बदलले होते ते आमचे स्थान. तेव्हा आम्ही जेरीच्या शेजारच्या आसनावर बसलो होतो. या वेळी मात्र आमचे लक्ष पूकीवरून हलेना.

या दुसऱ्या भेटीत पहिल्याच दृश्याने आम्हास थांबवले. वडील मुलीला बसवर सोडायला आले आहेत. मुलगी प्रथमच घराबाहेर राहायला निघाली आहे. तिची आई हयात नाही. अशा वेळी आपल्याकडे किती सूचना, किती डबे, किती आशीर्वाद! इथे बापलेकीत जवळजवळ शब्दच नाहीत. दोन माणसे एकाच बसची वाट पाहत उभी आहेत, एवढेच त्यांचे नाते दिसते. पाकुला या शांततेवर कोणतेही भाष्य करीत नाहीत. पण पुढे ही मुलगी एवढी का बोलते, याचे उत्तर त्यांनी पहिल्या काही क्षणांत देऊन ठेवले आहे. ज्या घरात कोणी ऐकणारे नसते तेथील मुले एक तर मुकी होतात, नाही तर अखंड बोलत सुटतात. चित्रपटाच्या अखेरीस पुन्हा बस येते, पुन्हा एक पुरुष तिला निरोप द्यायला उभा असतो. आरंभी बाप, अखेरीस प्रियकर. पूकीला दोघांकडून एकच गोष्ट मिळाली : निरोप.

बसमधील प्रसंग आमच्या वाचकांना गमतीचा वाटेल. जेरीच्या शेजारी जागा मिळावी म्हणून पूकी एका धर्मभगिनीला चक्क थाप मारते आणि त्या भाबड्या भगिनी उठून तिला आपली जागा देतात. प्रेक्षकगृहात इथे हशा पिकतो. आम्हीही हसलो. नंतर मात्र मनात आले की त्या भगिनींनी जागा दिली, हे त्यांचे सौजन्य. पण जागेसाठी एवढी थाप का मारावी लागली, हे विचारायला कोणी थांबले नाही. आपली जागा देऊन त्या कथेतून निघून जातात.

पूकीचा एक लाडका शब्द आहे : 'विअर्डो'. मराठीत त्याला 'तऱ्हेवाईक' म्हणता येईल. वस्तुतः तऱ्हेवाईक आहे ती स्वतः. परंतु तिच्या लेखी सारे जग तऱ्हेवाईक माणसांनी भरलेले असते. जेरीचा खोलीतला सोबती चार्ली, पार्टीतली मुले, तिच्या वसतिगृहातील मुली, कोणीही यातून सुटत नाही. फक्त ती आणि जेरी तेवढे शहाणे. प्रथम हे विनोदी वाटते. हळूहळू ध्यानात येते की हा शब्द म्हणजे तिची ढाल आहे. जगाने नाकारण्यापूर्वी आपणच जगाला नाकारून टाकायचे, म्हणजे नकार ऐकावा लागत नाही. लायझा मिनेलीने ही ढाल इतक्या चपळाईने पेलली आहे की क्वचितच, एखाद्या क्षणी ढाल बाजूला सरकली की, आतील घाबरलेले मूल आपल्याला दिसते. हे क्षण तिने मोजके ठेवले आहेत, यातच तिच्या अभिनयाची जाण दिसते.

मात्र एका प्रसंगात ती ढाल पूर्णपणे गळून पडते. तो टेलिफोनचा प्रसंग या चित्रपटाचा प्राण आहे. वसंतातील सुट्टीत जेरीला एकट्याने राहून अभ्यास भरून काढायचा आहे. पूकीला त्याच्यासोबत राहायचे आहे. ती फोन करते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि कित्येक मिनिटे तेथून हलत नाही. मध्ये एकही तुटक नाही, दुसऱ्या बाजूला असलेल्या जेरीचा चेहरा नाही. प्रथम ती थट्टा करते, मग आर्जव करते, मग आपण मुळीच त्रास देणार नाही असे सांगते, मग तिला रडू कोसळते. शेवटी तो 'ये' म्हणतो आणि तिचा चेहरा उजळतो. तो उजळलेला चेहरा हे सबंध चित्रपटातील सर्वांत दुःखद दृश्य आहे, कारण हा होकार तिने जिंकलेला नसून भीक म्हणून मिळवला आहे हे तिलाही कळले आहे. दुसरा एखादा दिग्दर्शक असता तर त्याने मधूनमधून जेरीचा त्रासलेला चेहरा दाखवला असता आणि आपल्याला न्याय करण्याची सोय करून दिली असती. पाकुला ती सोय देत नाहीत. ते आपल्याला फक्त ऐकायला बसवतात.

आमच्या आयुष्यात हा प्रसंग एकदा घडून गेला आहे. म्हणूनच येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचक देतील अशी आशा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो तेथे एक तरुणी रोज मिस्साला सर्वांच्या आधी येत असे. ती मोठ्याने गाई, मोठ्याने हसे, आणि मिस्सा संपल्यावर कोणाशी तरी बोलता यावे म्हणून आवारात रेंगाळत असे. लोक तिला पाहून वाट बदलत. ती आमच्या निवासस्थानी रात्री फोन करी. कारण काही नसे. असलेच तर उद्याच्या गीतांचे. पहिल्यांदा आम्ही बोललो. पुढे पुढे फोन वाजला की आम्ही स्वयंपाक्याला खूण करीत असू आणि तो 'फादर बाहेर गेलेत' असे सांगे. धर्मगुरूने मर्यादा सांभाळली पाहिजे यात वाद नाही. परंतु मर्यादा वेगळी आणि खोटा निरोप वेगळा. तिची ओळख दोन चांगल्या कुटुंबांशी करून देता आली असती, धर्मभगिनींशी करून देता आली असती, गायनवृंदात तिच्यासाठी जागा करता आली असती. आम्ही यातले काहीच केले नाही. काही महिन्यांनी फोन यायचे थांबले. आम्हास हायसे वाटले, हे लिहिताना आज हात अडखळतो. ती गाव सोडून गेली एवढेच नंतर कळले.

हे सांगायचे कारण असे की जेरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार आम्हास उरलेला नाही, आणि चित्रपटही ते करीत नाही. जेरी दुष्ट नाही. तो कोवळा आहे, सालस आहे, आणि आपल्या कुवतीप्रमाणे प्रेमही करतो. पूकीचे मागणे मात्र कोणाही एका माणसाच्या कुवतीपलीकडचे आहे. तिला प्रियकर हवा आहे, आई हवी आहे, बाप हवा आहे, मित्रमैत्रिणींचा घोळका हवा आहे, आणि हे सारे तिने एकोणीस-वीस वर्षांच्या एका पोरामध्ये शोधले आहे. मानवी हृदयाची ती अस्वस्थ भूक संत अगस्तीनने ओळखली होती. परमेश्वरावाचून अन्य कोणी ती पुरी भागवू शकत नाही, हे त्याला बऱ्याच भटकंतीनंतर उमगले. पूकी त्या भुकेचे ताट जेरीपुढे सरकवते. ते भरता येत नाही म्हणून जेरीला अपराधी वाटते, आणि अपराधी वाटते म्हणून तो दूर पळतो. प्रेमाचा ऱ्हास इथे कोणाच्या बेइमानीने होत नाही. तो अतिभाराने होतो.

हा विचार करताना त्या काळच्या आणखी दोन चित्रपटांची आठवण होते. 1970 साली आलेल्या 'लव्ह स्टोरी'ने जगाला रडवले. आपल्याकडे 1978 च्या 'अँखियों के झरोखों से' या चित्रपटात सचिन व रंजिता यांची जोडी होती आणि नायिका लिली फर्नांडिस ही आपल्याच ख्रिस्ती समाजातील मुलगी होती, म्हणून पुष्कळ घरांतून तो विशेष जिव्हाळ्याने पाहिला गेला. दोन्ही कथांमध्ये कॉलेजातील प्रेम आहे आणि दोन्हीत असाध्य आजाराने नायिका मरते. आपण डोळे पुसत बाहेर पडतो आणि मन कसे स्वच्छ झाल्यासारखे वाटते, कारण वियोगाचा दोष मृत्यूच्या माथी मारता येतो. 'द स्टराइल कुकू' मध्ये कोणी मरत नाही. दोन जिवंत, निरोगी माणसे एकमेकांना सोडतात. दोष द्यायला मृत्यू नाही, खलनायक नाही, विरोध करणारे आईबाप नाहीत. म्हणूनच हा चित्रपट डोळे फारसे ओले करीत नाही, परंतु मनातून लवकर जातही नाही.

पालकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही द्यायला हवे. विवाहापूर्वीचा शरीरसंबंध या कथेत आहे, गर्भ राहिल्याची शंका आहे, आणि ती शंका पुढे खोटी ठरते. ख्रिस्तसभेची या बाबतीतील शिकवण वाचकांना ठाऊक आहे आणि ती बाजूस ठेवण्याचे कारण आम्हास दिसत नाही. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या काळात तरुणांच्या नव्या स्वातंत्र्याचा सर्वत्र जयजयकार चालला होता, त्याच काळात या चित्रपटाने कोणताही उपदेश न करता दाखवून दिले की शरीरे जवळ आल्याने एकटेपण संपतेच असे नाही. कधी कधी ते वाढते. सुट्टीतील तो आठवडा दोघे एकत्र काढतात आणि त्या आठवड्यातच दोघांमधील अंतर उघडे पडते. लहान मुलांसाठी हा चित्रपट नव्हे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी मात्र तो आईवडिलांसमवेत पाहावा आणि नंतर टीव्ही बंद करून घटकाभर बोलत बसावे.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. 'कम सॅटर्डे मॉर्निंग' हे सँडपायपर्सनी गायलेले गीत मधुर आहे, त्यालाही ऑस्करचे नामांकन लाभले. पण दिग्दर्शकाने त्याचा फार सढळ हाताने उपयोग केला आहे. हिरवळीवरून, पानगळीतून, पाण्याच्या काठाने नायक-नायिका हिंडतात आणि मागे गीत चालू राहते, ही दृश्ये पुनःपुन्हा येतात. जिथे पटकथेने दोघांचे नाते विणायला हवे होते तिथे गीतावर भागवले आहे. दुसरे असे की जेरीच्या मनात फारसे शिरायला मिळत नाही. त्यामुळे त्याची माघार कधी कधी केवळ कंटाळ्यासारखी वाटते. व्हिएतनामचे युद्ध आणि कॉलेजांतील असंतोष यांनी अमेरिका ढवळून निघाली असताना या कॉलेजात त्याची चाहूलही लागत नाही, असाही आक्षेप घेता येईल. हा आक्षेप आम्ही फारसा मानीत नाही. जग पेटलेले असतानाही एखाद्या मुलीचा प्रश्न 'शनिवारी कोणी माझी वाट पाहील का?' एवढाच असू शकतो, आणि तो लहान नसतो.

खरी उणीव वेगळी आहे. ती चित्रपटाची की त्याने दाखवलेल्या समाजाची, हे ठरवणे कठीण. या कथेत तिसरे माणूस नाही. चार्ली आहे, पार्टीतले तरुण आहेत, वसतिगृह आहे, वर्ग आहेत. पण पूकीला 'तू जेवलीस का?' असे विचारणारे कोणी नाही. दोघांच्या प्रेमाला आजूबाजूच्या माणसांचा आधार लागतो. आपल्याकडे विवाहाच्या विधीत सारा धर्मसमाज साक्षी म्हणून उभा असतो, त्याचा अर्थ केवळ पाहुणचार नव्हे. दोघांनी एकमेकांचे सारे ओझे एकट्याने वाहू नये, हा त्याचा अर्थ आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रात कुटुंबांची आणि दुबळ्यांची सोबत करण्यावर जो भर दिला तोही याच जाणिवेतून. पूकीला जेरी मिळाला, पण सोबत मिळाली नाही.

आता शीर्षकाकडे वळू. ब्रिटनमध्ये हा चित्रपट नुसत्या 'पूकी' या नावाने दाखवला गेला. मूळ नाव मात्र कठोर आहे : 'वांझ कोकिळा'. कोकिळा स्वतःचे घरटे बांधत नाही, परक्या घरट्यात अंडे घालते, हे आपल्याकडे शाळेतील मुलालाही माहीत असते. वांझ कोकिळेपाशी तर परक्या घरट्यात ठेवायला अंडेही नाही. तिने कोणत्या घरट्यात जावे? 'वांझ' हा शब्द आपल्या समाजात किती घरांत जखमेसारखा उच्चारला गेला आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. बायबल वाचणाऱ्याला मात्र या शब्दापाशी हन्ना आठवते. मूल नाही म्हणून सवतीकडून हिणवली गेलेली ती स्त्री शिलो येथील मंदिरात जाऊन इतक्या व्याकूळपणे प्रार्थना करते की तिचे ओठ हलतात, पण आवाज उमटत नाही. दाराशी बसलेला वृद्ध याजक एली तिच्याकडे पाहतो आणि ही दारू प्यायली आहे असे समजून तिला दटावतो. मंदिरातील सर्वांत खरी प्रार्थना त्या क्षणी चालू होती आणि याजकाला ती तऱ्हेवाईकपणा वाटली. एलीचा मोठेपणा एवढाच की तिने आपले दुःख सांगितले तेव्हा त्याने ते ऐकून घेतले आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवले. चूक करायला त्याला वेळ लागला नाही. पण ती सुधारायलाही त्याने वेळ लावला नाही.

आम्ही मात्र फोन घेतला नाही.

प्रत्येक धर्मग्रामात एखादी पूकी असते, एखादा पूकीसारखा मुलगाही असतो. मिस्सानंतर आवारात जो सर्वांत शेवटपर्यंत थांबतो, जो विनोद जरा जास्तच मोठ्याने सांगतो, ज्याच्या येण्याने घोळक्यातील माणसे हळूच पांगतात, तो. त्याच्या साऱ्या आयुष्याचे घरटे होणे आपल्यापैकी कोणालाही शक्य नाही आणि तसा अट्टाहासही कोणी धरू नये. जेरीची कथा त्याचाच इशारा देते. पण घरट्याची एकेक काडी प्रत्येकाला आणता येते. एकाने रविवारी जेवायला बोलवावे, दुसऱ्याने गायनवृंदात जागा द्यावी, तिसऱ्याने नुसते थांबून ऐकावे. चित्रपटाच्या शेवटी बस निघून जाते आणि जेरी रस्त्यावर उभा राहतो. ती बस पुढे कोठे गेली हे पाकुला दाखवत नाहीत. ती आपल्या गावच्या थांब्यावरही येऊन उभी राहू शकते.